संगणकदान : वेग किती, वीज किती?

घरातील, कार्यालयातील किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतील संगणक सुरू असतो तेव्हाही त्याचा प्रोसेसर बहुतेक वेळ स्वस्थ बसलेला असतो. पत्र टंकलिखित करणे, हिशेबाचा तक्ता भरणे, चित्रफीत पाहणे या कामांना त्याच्या शक्तीचा अल्प अंश पुरतो. ही शिल्लक शक्ती विज्ञानाच्या कामी लावता येईल, या विचारातून ‘स्वयंसेवी वितरित संगणन’ ही चळवळ उभी राहिली. एका महासंगणकाला वर्षानुवर्षे पुरेल एवढे गणित लहान तुकड्यांत विभागायचे, ते तुकडे इंटरनेटवरून हजारो स्वयंसेवकांच्या संगणकांकडे पाठवायचे आणि आलेली उत्तरे एकत्र जुळवायची, असे तिचे स्वरूप आहे. यात पैशांची वर्गणी मागितली जात नाही. मागितला जातो तो संगणकाचा वेळ.

तथापि हे दान फुकट नसते. प्रोसेसर कामाला लागला की वीज खर्च होते, उष्णता निर्माण होते आणि महिन्याच्या शेवटी बिल येते. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज संगणकक्षेत्रात आहेत आणि अनेक पालकांच्या घरी मुलांसाठी संगणक घेतलेला आहे. या सर्वांना उपयोगी पडेल असा एक प्रश्न या लेखात उलगडण्याचा प्रयत्न आहे : विज्ञानाला मदत करायची तर संगणक अधिकाधिक वेगाने पळवावा, की कमी विजेत अधिक काम होईल अशा बेताने चालवावा?

चळवळीची वाटचाल

१९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी ‘जिम्प्स’ हा उपक्रम सुरू केला. अतिप्रचंड मर्सेन मूळसंख्या शोधणे हे त्याचे उद्दिष्ट. १७ मे १९९९ रोजी अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने ‘सेटी ॲट होम’ सुरू केले. पोर्तो रिको येथील अरेसिबो रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या संकेतांत परग्रहावरील बुद्धिमान जीवांची काही खूण सापडते का, याचा शोध त्यात घेतला जाई. काही वर्षांतच पन्नास लाखांहून अधिक लोक त्यात सहभागी झाले. ३१ मार्च २०२० रोजी या उपक्रमाने नवे काम वाटणे थांबवले. परग्रहवासी सापडले नाहीत, परंतु सामान्य माणसांचे संगणक एकत्र जोडून मोठे विज्ञान करता येते, हे सिद्ध झाले. याच अनुभवातून डेव्हिड अँडरसन यांच्या नेतृत्वाखाली ‘बॉइंक’ ही मुक्त प्रणाली तयार झाली. आज बहुतेक उपक्रम तिच्यावर चालतात.

ऑक्टोबर २००० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून ‘फोल्डिंग ॲट होम’ सुरू झाले. प्रथिनांचे रेणू कसे घडी घेतात आणि ती घडी चुकली तर रोग कसे उद्भवतात, याचा अभ्यास त्यात होतो. कोविडच्या साथीत, २०२० च्या वसंतात, लाखो लोकांनी आपले संगणक या कामाला जोडले. त्या सर्वांची एकत्रित क्षमता सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतक्या गणिती क्रियांच्या पुढे गेली. त्या वेळचा जगातील सर्वांत वेगवान महासंगणकही तिच्या बराच मागे होता.

‘आइन्स्टाइन ॲट होम’ या २००५ साली सुरू झालेल्या उपक्रमाचे आपल्याशी एक नाते आहे. अमेरिकेतील लायगो वेधशाळांच्या नोंदींतून गुरुत्वीय लहरींचे क्षीण संकेत शोधण्याचे काम तो करतो. अशीच एक वेधशाळा, लायगो-इंडिया, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. अशा नोंदींतून संकेत वेगळा काढण्याच्या गणिती पद्धती घडवण्यात पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. म्हणून परभणी-हिंगोलीकडचा एखादा विद्यार्थी आपल्या संगणकावर हा उपक्रम चालवतो, तेव्हा पुढे त्याच्याच मुलखात होणार असलेल्या विज्ञानाशी त्याची ओळख होत असते.

वेग आणि वीज यांचे गणित

प्रोसेसरमध्ये अब्जावधी सूक्ष्म स्विच असतात. त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. घड्याळाच्या टिकटिकीसारख्या एका तालावर हे स्विच उघडतात आणि मिटतात. सेकंदाला तीन अब्ज ठोके म्हणजे तीन गिगाहर्ट्झ. ठोका जितका जलद तितके काम अधिक, हे उघड आहे.

प्रत्येक उघडझाप होताना थोडा विद्युतभार भरला जातो आणि रिता होतो. त्यासाठी लागणारी शक्ती तीन गोष्टींवर अवलंबून असते : स्विचांची विद्युतभार धरून ठेवण्याची क्षमता, व्होल्टेजचा वर्ग आणि ठोक्यांचा वेग. या तिघांचा गुणाकार म्हणजे प्रोसेसरला कामासाठी लागणारी शक्ती. येथे ‘वर्ग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. वेग दीडपट केला तर शक्ती दीडपट लागेल, परंतु व्होल्टेज दीडपट केले तर ती सव्वादोनपट लागेल.

अडचण अशी की वेग आणि व्होल्टेज यांना पुरते वेगळे करता येत नाही. ठोका जलद हवा असेल तर स्विचही त्वरेने उघडला-मिटला पाहिजे आणि त्याला त्वरा यावी म्हणून व्होल्टेज वाढवावे लागते. वेग दहा टक्क्यांनी वाढवताना व्होल्टेजही दहा टक्क्यांनी वाढवावे लागले, असे समजू. मग शक्ती १.१ चा घन, म्हणजे १.३३ पट होते. दहा टक्के अधिक कामासाठी तेहतीस टक्के अधिक वीज लागली. उलट वेग आणि व्होल्टेज दोन्ही दहा टक्क्यांनी उतरवले तर शक्ती ०.७३ पट राहते. दहा टक्के काम कमी झाले, पण सत्तावीस टक्के वीज वाचली. प्रस्तुत विषयाचे मर्म या एका तुलनेत आहे.

याखेरीज गळती असते. स्विच मिटलेला असतानाही त्यातून थोडा प्रवाह पाझरत राहतो. व्होल्टेज वाढले की ही गळती वाढते आणि तापमान वाढले की आणखी वाढते. गळती वाढली की उष्णता वाढते, उष्णता वाढली की गळती वाढते, असे हे चक्र आहे.

ओव्हरक्लॉकिंगचा मोह

उत्पादकाने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जलद चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. उत्पादक सर्व चिपांना पेलेल असा वेग सावधपणे ठरवतो. त्यामुळे एखादी चांगली चिप त्याहून पुष्कळ जलद चालू शकते. १९९८ साली बाजारात आलेला इंटेलचा सेलेरॉन ३०० ए हा स्वस्त प्रोसेसर याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर अनेकांकडे ४५० मेगाहर्ट्झवर बिनतक्रार चाले. कमी पैशांत महाग यंत्राचा वेग मिळाला, ही गोष्ट सर्वतोमुखी झाली आणि हौशी मंडळींची एक पिढी या छंदाला लागली. २०११ साली एएमडीचा एक प्रोसेसर अतिशीत द्रवांच्या साहाय्याने ८.४ गिगाहर्ट्झच्या पुढे नेण्यात आला. तो विक्रम होता, दैनंदिन वापराची रीत नव्हे.

त्या काळी हा छंद परवडण्याचे एक कारण होते. रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान होत गेले की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येते, त्यामुळे वेग वाढला तरी चिपच्या दर चौरस मिलिमीटरला लागणारी शक्ती तेवढीच राहते. सुमारे २००५ च्या आसपास ही सवलत संपली. व्होल्टेज आणखी उतरवले तर गळती आवरेना. इंटेलच्या पेंटियम ४ ची घोडदौड ३.८ गिगाहर्ट्झवर थांबली आणि एका जलद प्रोसेसरऐवजी एकाच चिपवर अनेक मध्यम वेगाचे गाभे बसवण्याची दिशा उद्योगाने धरली. निसर्गनियमाने उद्योगाला जे मान्य करायला लावले, ते स्वयंसेवकानेही समजून घ्यावे.

आजच्या प्रोसेसरबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उत्पादकांनी शिल्लक वेग ग्राहकासाठी ठेवलेलाच नाही. ‘टर्बो’ किंवा ‘बूस्ट’ या नावाखाली प्रोसेसर स्वतःच जमेल तेवढा वर चढतो. परीक्षणांत आकडे चांगले दिसावेत म्हणून अनेक प्रोसेसर बाजारात येतानाच कार्यक्षमतेचा बिंदू ओलांडून आलेले असतात. म्हणून हाताने ओव्हरक्लॉकिंग करून मिळणारा लाभ आज अल्प, तर दंड मोठा आहे.

तरीही मोह सुटत नाही, कारण प्रत्येक उपक्रमात गुण दिले जातात. बॉइंकमध्ये त्यांना क्रेडिट म्हणतात. गुणांच्या याद्या असतात, संघ असतात, चढाओढ असते. चढाओढीमुळे उत्साह टिकतो हे खरे. परंतु यादीत किती काम केले हे दिसते, त्यासाठी किती वीज जाळली हे दिसत नाही.

एक हिशेब

आता आकडेमोड करून पाहू. खालील उदाहरण समजुतीसाठी सोपे केलेले आहे. एका संगणकात प्रोसेसर पूर्ण कामावर असताना नेहमीच्या वेगाला १०० वॅट घेतो. मदरबोर्ड, स्मृती, डिस्क, पंखे आणि वीजपुरवठ्यातील तूट मिळून ४० वॅट लागतात. हे ४० वॅट वेग कमी केला तरी कमी होत नाहीत. व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात बदलते असे धरू. संगणक अहोरात्र चालू राहिला, तर तीस दिवसांचा हिशेब असा येतो :

वेग १.२ पट — एकूण २१३ वॅट, महिन्याला १५३ युनिट.
वेग १.१ पट — एकूण १७३ वॅट, महिन्याला १२५ युनिट.
नेहमीचा वेग — एकूण १४० वॅट, महिन्याला १०१ युनिट.
वेग ०.८ पट — एकूण ९१ वॅट, महिन्याला ६६ युनिट.
वेग ०.६ पट — एकूण ६२ वॅट, महिन्याला ४४ युनिट.
वेग ०.४ पट — एकूण ४६ वॅट, महिन्याला ३३ युनिट.

नुसती वीज पाहून निर्णय करता येत नाही. तेवढ्याच कामासाठी किती वीज लागली, हे पाहावे लागते. नेहमीच्या वेगाला एका ठरावीक कामासाठी १४० मापे वीज लागते असे मानले, तर तेच काम १.२ पट वेगाने करायला १७७, ०.८ पट वेगाने ११४, ०.६ पट वेगाने सुमारे १०३ आणि ०.४ पट वेगाने ११६ मापे लागतात.

शेवटचा आकडा पुन्हा वाचण्यासारखा आहे. वेग फार उतरवला की खर्च परत वाढू लागतो. काम रेंगाळते आणि तेवढा सारा वेळ ते ४० वॅट चालूच राहतात. म्हणजे अतिवेग जसा उधळपट्टीचा, तसा अतिमंदपणाही. या उदाहरणात सर्वांत किफायतशीर स्थान नेहमीच्या वेगाच्या सुमारे साठ टक्क्यांवर आहे. प्रत्यक्षात प्रोसेसरचे व्होल्टेज एका मर्यादेखाली उतरत नाही. त्या मर्यादेनंतर वेग कमी करून काहीही वाचत नाही. म्हणून बहुतेक यंत्रांवर साठ ते ऐंशी टक्क्यांचा पट्टा शोधण्याजोगा ठरतो. नेमका बिंदू यंत्रागणिक वेगळा असतो आणि तो मोजूनच सापडतो.

यात एक पोटभेद आहे. संगणक अन्य कामासाठी दिवसभर चालूच राहणार असेल, तर ते ४० वॅट आपल्या दानाच्या खात्यावर धरू नयेत, कारण ते एरवीही लागलेच असते. अशा ठिकाणी प्रोसेसर सावकाश चालवणे हेच किफायतशीर. परंतु केवळ या कामासाठी रात्रभर वेगळा संगणक चालू ठेवला असेल, तर ते ४० वॅट पूर्णपणे दानाचेच आहेत आणि फार सावकाश चालवणे परवडत नाही.

उत्तर बरोबर आले पाहिजे

विजेपेक्षाही मोठा प्रश्न विश्वासार्हतेचा आहे. ओव्हरक्लॉक केलेला संगणक नेहमीच बंद पडतो असे नाही. पुष्कळदा तो व्यवस्थित चालत राहतो आणि मधूनच एखादे गणित चुकवतो. चित्रफितीत एक ठिपका चुकला तर डोळ्यांना कळत नाही. विज्ञानाच्या गणितात एक अंक चुकला तर निष्कर्षच बिघडतो.

जिम्प्सचे काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये या उपक्रमात तोवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळसंख्या सापडली. दोनचा १३,६२,७९,८४१ वा घात घेऊन त्यातून एक वजा केल्यावर ती मिळते. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. अशा संख्येची कसोटी घेताना एका प्रचंड संख्येचा वर्ग करायचा, बाकी काढायची, त्या बाकीचा पुन्हा वर्ग करायचा, अशी क्रिया घाताच्या आकड्याइतक्या, म्हणजे तेरा कोटींहून अधिक वेळा करावी लागते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. मधल्या एका पायरीला चूक झाली आणि ती वेळीच पकडली गेली नाही, तर पुढचे सारे काम वाया जाते. म्हणूनच या उपक्रमात चुका पकडणाऱ्या खास गणिती तपासण्या जोडलेल्या आहेत.

बॉइंकवरील अनेक उपक्रम वेगळा उपाय करतात. तेच काम ते दोन अनोळखी संगणकांकडे पाठवतात आणि उत्तरे जुळली तरच स्वीकारतात. २०१० साली आइन्स्टाइन ॲट होममध्ये एक नवा पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारा मृत तारा, सापडला. त्या शोधाचे श्रेय अमेरिकेतील एक दांपत्य आणि जर्मनीतील एक गृहस्थ यांना मिळाले, कारण तेच काम दोन्हीकडे गेले होते आणि दोन्हीकडून तेच उत्तर आले होते. उत्तरे जुळली नाहीत तर तिसऱ्या संगणकाला तेच काम द्यावे लागते. म्हणजे आपल्या यंत्राने अतिवेगापायी चूक केली, तर आपली वीज वाया जातेच, शिवाय अन्य देशातील एखाद्या अनोळखी स्वयंसेवकाच्या विजेवरही त्याचा भार पडतो. दहा टक्के वेग वाढवून शंभरातील दहा कामे चुकली, तर हाती काही उरत नाही. बिल मात्र वाढलेले असते.

आपल्याकडचे हवामान आणि बिल

या विषयावरचे सल्ले बहुधा थंड देशांतून येतात. तेथे हिवाळ्यात संगणकाची उष्णता घर ऊबदार ठेवायला उपयोगी पडते. विजेच्या शेगडीवर घर तापवणाऱ्याला ती वीज वाया गेली असे वाटत नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा याच उष्णतेचे ओझे होते. संगणकात शिरणारी जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. १४० वॅटचा संगणक म्हणजे खोलीत अहोरात्र जळणारी १४० वॅटची लहानशी शेगडीच. वातानुकूलन यंत्राने ती बाहेर फेकायची तर दर तीन युनिट उष्णतेमागे साधारण एक युनिट वीज आणखी लागते. खोलीच तापलेली असली की प्रोसेसरही तापतो. तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग आपोआप उतरवतो आणि वाढवलेला वेग कागदावरच राहतो. जाळीत साचलेली धूळ हे सारे आणखी बिघडवते. जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता यांमुळे चिपमधील अतिसूक्ष्म धातूच्या वाहिन्या झिजतात, हा तोटा उशिरा दिसणारा आहे.

बिलाचे गणितही आपल्याकडे निराळे आहे. महावितरणच्या घरगुती आकारणीत शंभर युनिटांपर्यंत एक दर, एकशे एक ते तीनशेपर्यंत त्याहून चढा दर आणि पुढे आणखी चढा, अशी पायऱ्यांची रचना आहे. नव्वद युनिट वापरणाऱ्या घराने दानाखातर आणखी शंभर युनिट वापरले, तर त्यांपैकी बहुतांश चढ्या दराचे असतात. कष्टाच्या कमाईवर चालणाऱ्या कुटुंबात ही रक्कम लहान नाही. मुलाने उत्साहाने संगणक रात्रभर चालू ठेवावा आणि त्याचा खर्च वडिलांना बिल आल्यावर कळावा, हे दान नव्हे. दान देणाऱ्याला आपण काय देतो हे ठाऊक असले पाहिजे.

विजेचे मूळही विसरता येत नाही. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी येथील केंद्रे कोळशावर चालतात. आपल्या देशातील एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कर्बवायू हवेत जातो. शंभर युनिट म्हणजे सत्तर किलो. त्या राखेत आणि धुरात राहणारी माणसे आपल्याच राज्यातील आहेत. हवामान-संशोधनासाठी संगणक द्यायचा आणि त्यासाठी दुप्पट कोळसा जाळायचा, यातली विसंगती विचारी माणसाला जाणवल्यावाचून राहणार नाही.

प्रत्यक्ष काय करावे

प्रथम मोजावे. प्लग आणि सॉकेट यांच्यामध्ये जोडायचे छोटे वॅटमीटर बाजारात मिळते. संगणक नुसता चालू असताना किती वॅट आणि पूर्ण कामावर किती वॅट, हे दोन आकडे वहीत लिहावेत. आपल्या दानाचा खरा खर्च या दोहोंतील फरकाने कळतो.

दुसरे, टर्बो बंद करून पाहावे. बहुतेक विंडोज संगणकांवर पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के केली की टर्बो थांबतो. एवढ्या एका बदलाने वीज आणि पंख्यांचा आवाज दोन्ही लक्षणीय उतरतात. एएमडीच्या अनेक प्रोसेसरना ‘इको मोड’ असतो. ग्राफिक्स कार्डाला वीजमर्यादा घालून देता येते. ती काहीशी उतरवली तरी काम त्या मानाने थोडेच घटते.

तिसरे, बॉइंकमधील दोन पर्यायांत गल्लत करू नये. ‘प्रोसेसरचा किती टक्के वेळ वापरावा’ हा पर्याय पन्नास टक्के ठेवला, तर काम थोडा वेळ पूर्ण वेगाने चालते, मग थांबते, मग पुन्हा चालते. त्यामुळे सरासरी उष्णता घटते, पण चालू असताना व्होल्टेज चढेच राहत असल्याने कामामागची वीज वाचत नाही. ‘किती टक्के गाभे वापरावेत’ हा पर्याय त्याहून बरा, आणि मुळात वेग व व्होल्टेज उतरवणे सर्वांत उत्तम.

चौथे, जाणकाराने अंडरव्होल्टिंग करून पाहावे. वेग तोच ठेवून व्होल्टेज अगदी थोडे थोडे खाली आणायचे आणि प्रत्येक पायरीनंतर कसून चाचणी घ्यायची. जिम्प्ससाठी तयार झालेल्या ‘प्राइम ९५’ या प्रणालीतील चाचणी यासाठी प्रसिद्ध आहे. येथेही सावधगिरी हवी. व्होल्टेज फार उतरवले तर ओव्हरक्लॉकिंगइतक्याच चुका होतात. चाचणी काही तास निर्दोष पार पडल्यावर एक पायरी मागे येऊन थांबावे.

पाचवे, जुना संगणक यासाठी खास चालवू नये. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका युनिट विजेत होणारे गणित साधारण दर दीड वर्षाला दुप्पट होत गेले. पुढे ही गती मंदावली, तरी पंधरा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आणि आजचा साधा लॅपटॉप यांत फार मोठे अंतर आहे. अडगळीतील यंत्राने महिनाभर केलेले काम नवे यंत्र थोड्या दिवसांत, पुष्कळ कमी विजेत करते. जुन्या यंत्राने एखाद्या मुलाला टंकलेखन शिकवावे. त्याचे खरे मोल तेथे आहे.

सहावे, वेळ निवडावी. छतावर सौर पॅनेल असतील तर दिवसा, उन्हाळ्यात भर दुपारी नको, हिवाळ्यात अधिक. वीज वारंवार जाते तेथे काळजी नको. बहुतेक उपक्रम केलेले काम अधूनमधून जतन करतात आणि वीज आल्यावर तेथूनच पुढे सुरू होतात.

सातवे आणि सर्वांत महत्त्वाचे, परवानगी घ्यावी. कार्यालयाचा, महाविद्यालयाचा किंवा शाळेचा संगणक आपला नसतो, त्याची वीजही आपली नसते. दुसऱ्याच्या बिलावर केलेल्या दानाचे पुण्य आपल्या नावे मांडता येत नाही.

कधी देऊ नये

जलद चालवण्याला कधीच स्थान नाही असे नाही. साथीसारख्या प्रसंगी उत्तर लवकर हाती येण्याला स्वतःचे मोल असते. तेव्हा थोडी अधिक वीज जाळणे समर्थनीय ठरेल. परंतु अशा वेळीही एक संगणक तावून पळवण्यापेक्षा आणखी दोन घरांनी आपले संगणक बेताच्या वेगाने जोडणे अधिक फलदायी असते. वितरित संगणनाचे सामर्थ्य मुळात संख्येत आहे.

आणि कधी कधी न देणेच योग्य असते. बिल जड जात असेल, यंत्र जुने असेल, खोली तापत असेल, तर संगणक बंद करून झोपावे. त्यात कमीपणा नाही. विज्ञानाला हातभार लावण्याचे अन्य मार्गही आहेत.

शिक्षकांना मात्र एक विनंती करावीशी वाटते. शाळेच्या संगणककक्षात व्यवस्थापनाच्या संमतीने एका संगणकावर हा प्रयोग अवश्य करावा. आठवी-नववीच्या मुलांनी वॅटमीटर लावावे, वेगाच्या पाच पातळ्यांवर वीज आणि काम मोजावे, आलेखकागदावर बिंदू मांडावेत आणि तळाचा बिंदू स्वतः शोधावा. घात, वर्ग, घन, युनिट, वॅट हे शब्द मग पाठ करावे लागणार नाहीत. नववीतला मुलगा घरी जाऊन आईला सांगू शकेल की दिवा, पंखा आणि संगणक यांपैकी कोण किती युनिट खातो. जो माजी विद्यार्थी आज या क्षेत्रात कमावता आहे, त्याने असे एक वॅटमीटर आणि एक दुपार शाळेला दिली, तर ती देणगी पुष्कळ वर्षे पुरेल.